निरोगी सुंगटांचा डबा

बाबांना जाऊन आता वर्ष होत आलं. आमच्या तळ्यात पाणी आहे, पण कोळंबी नाही. भरती आली की बांधातल्या फळ्यांच्या दाराच्या फटींतून खाडीचं पाणी आत झिरपतं, ओहोटीला पुन्हा बाहेर जातं. तळ्याला त्यासाठी कुणाची गरज लागत नाही. मी पडवीत बसून हे लिहिते आहे. दिवसाला एखादं पान होतं. आई मधूनच विचारते, "झालां काय गो लिवन?" आणि माझं उत्तर ऐकण्याआधीच नारळ सोलायला मागच्या दारी निघून जाते. मलाही घाई नाही. बाबांबद्दल भरभर लिहिलं तर ते बाबांबद्दलचं वाटणार नाही. ते कुठलीच गोष्ट भरभर करत नसत.

एकदाच मी त्यांना घाई करताना पाहिलं. ती माझ्या शब्दावरून केलेली घाई होती, आणि मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

आमचं घर आचऱ्याच्या खाडीला लागून आहे, भातशेती संपून खाजण सुरू होतं तिथे. खाजण म्हणजे खाऱ्या पाण्याची जमीन. आजोबांच्या वेळी तिच्यात खारं भात होत असे. पुढे बांध फुटला, दोनतीन वर्षं नुसतं पाणीच राहिलं, आणि अठ्ठ्याण्णव सालच्या सुमारास बाबांनी बांध नीट घालून तिथे कोळंबीचं तळं केलं. मी तेव्हा कुडाळच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होते. सुट्टीत घरी आले की बांधावर बसून वाचायची. बाबा एका चौकोनी जाळीत थोडं खाद्य घालून ती पाण्यात सोडत आणि काही वेळाने उचलून बघत, किती खाल्लं, किती उरलं. कोळंबीला आमच्याकडे सुंगटां म्हणतात. जाळीत चारसहा सुंगटां उड्या मारत असली की बाबा त्यांच्याकडे असे बघत, जसे शेजारी अंगणात खेळणाऱ्या पोरांकडे बघतात.

ते पहिलं पीक मेलं.

एका सकाळी बांधावर बगळे आणि कावळे इतके बसले होते की बांध पांढराकाळा दिसत होता. बाबा तसेच पाण्यात उतरले. काठाशी आलेलं एक सुस्त सुंगट त्यांनी उचललं, डोक्यावरचं कवच सोलून उजेडासमोर धरलं आणि मला दाखवलं. कवचात गोल पांढरे ठिपके होते, कुणी चुन्याचे थेंब शिंपडावेत तसे. मत्स्यखात्यातले एक साहेब येऊन सांगून गेले, हा विषाणूचा रोग. माणसाला त्याचं काही होत नाही, कोळंबी मात्र थोड्या दिवसांत सगळी जाते. औषध नाही. बाबांनी आणि आईने खड्डा खणून चुना घालून सगळं पुरलं. संध्याकाळी विहिरीवर पाय धुताना बाबा म्हणाले, "ह्यां आदी कळलां नसतां?"

त्यांनी ते मला विचारलं नव्हतं. आईलाही नाही. पाय धुता धुता म्हणाले आणि रहाट सोडून घरात गेले. पण मी तिथे होते आणि मी ते ऐकलं.

पुढे मी पुण्याला एम.एस्सी. केलं आणि तिथेच एका संस्थेत संशोधनाला लागले. तिथे सिलिकॉनच्या तारा करत. तार म्हणायची इतकंच. ती डोळ्यांना दिसत नाही. केसाचे हजार उभे भाग करावेत तसा एक भाग, इतकी बारीक. विषाणूही साधारण तेवढ्याच मापाचा असतो. म्हणून तो तारेवर येऊन बसला तर तारेला ते जाणवतं, जसं एसटीच्या खिडकीवर माशी बसली तर कुणाला कळत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यावर बसली तर कळतं. विषाणूच्या अंगावर थोडा विद्युतभार असतो. तो जवळ आला की तारेतून वाहणारा प्रवाह किंचित बदलतो, आणि संगणकाच्या पडद्यावर सरळ चाललेली रेघ हळूच वाकते.

आमच्या मार्गदर्शक बाई या तारा माणसांच्या रोगांसाठी करत होत्या. मी कोळंबीच्या विषाणूवर काम करू का विचारलं तेव्हा प्रयोगशाळेतली मंडळी हसली. "सुट्टीत घरी जाऊन खाऊन आलीस वाटतं!" बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हा विषाणू माणसाला अपाय करत नाही, म्हणजे शिकण्यासाठी चांगलाच आहे. कर.

सुट्टीत बाबांना मी हे सगळं सांगितलं. ते जाळ्याचा फाटलेला भाग विणत होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "म्हणजे गरी."

"मासे धरायची गरी? ती कशी?"

"गरयेचो दोरो बोटार धरतंव. मासो खाली अंधारात, आमका दिसता काय? पण बोटाक कळता." मग हातातलं जाळं खाली ठेवून, "पण गरयेक आमिष लागता. तुझ्या तारेक आमिष काय?"

मी म्हटलं, त्याच विषाणूला चिकटणारं एक प्रथिन असतं, प्रतिपिंड म्हणतात. त्याचा लेप तारेवर द्यायचा. म्हणजे दुसरं काही नाही, तेवढाच विषाणू लागतो.

"बरां," ते म्हणाले. "मगे लागतलो."

तो काही लवकर लागला नाही. पुण्यातल्या शुद्ध पाण्यात तार छान काम करायची, पण पाण्यात मीठ आलं की बहिरी व्हायची. मिठाचे कण विषाणूच्या भाराभोवती गर्दी करतात आणि तो भार तारेपर्यंत पोचतच नाही. मालवणच्या मासळीबाजारात लिलाव चालू असताना कुणी कानात गुपित सांगावं, तसं. आणि आमची कोळंबी तर खाऱ्या पाण्यातली. यावर उपाय एकच होता: नमुना गाळून घ्यायचा आणि शुद्ध पाण्यात इतका पातळ करायचा की गलका शांत होईल, पण गुपित सांगणारा हरवणार नाही. ते माप सापडायला मला काही वर्षं लागली. ती वर्षं कंटाळवाणी नव्हती. मी संध्याकाळी ग्रंथालयात बसायची, रविवारी आईला फोन करायची आणि बाबा दर वेळी मागून विचारायचे, "तारेक लागलो काय?"

शेवटी लागला. आणि एका मार्गशीर्षात, बाईंच्या परवानगीने, मी ते सगळं सामान घेऊन घरी आले. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, लॅपटॉप, शुद्ध पाण्याच्या बाटल्या आणि थर्माकोलच्या पेटीत बर्फात घातलेला कोळंबीचा एक डबा. ही कोळंबी एका संशोधन केंद्राच्या टाकीतली होती, तपासून निरोगी ठरलेली. तार तळ्याजवळ नेऊन बघण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्या वर्षी आमच्या गावाची गावपळण होती.

आमच्या भागातल्या काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी ग्रामदेवाला कौल लावतात, म्हणजे पाषाणावर फुलाच्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघतात. देवाने होकार दिला की ठरल्या दिवशी सगळा गाव गाव सोडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. तीन दिवस आणि तीन रात्री शिवेबाहेर झावळांच्या झोपड्यांत राहायचं. गावात दिवा लागत नाही, चूल पेटत नाही. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि परत यायचं.

आमचं तळं शिवेच्या आत. म्हणजे तीन दिवस तिथे कुणीच जाणार नाही. बाबांनी तळं मुळातच विरळ ठेवलेलं असे. चांगल्या भरतीला पाणी बदलून घेतलं आणि खाद्य बंद केलं तर धडधाकट कोळंबी तेवढे दिवस सहज काढते. कोळंबी अजून पुरती वाढली नव्हती, महिनाभर तरी हवा होता. पण थंडी पडायला लागली होती, आणि हा रोग थंडीत डोकं वर काढतो. रोग असला, तर तीन दिवस मेलेली कोळंबी उचलायलाही कुणी नसणार. जिवंत कोळंबी मेलेली खाते, त्यातून रोग तळंभर होतो, आणि परत येऊन बघावं तर बांधावर पुन्हा बगळे.

बाबांनी मला स्टॅंडवरून घरी आणताना हे सगळं एका वाक्यात सांगितलं. "परवा गाव सोडूचो आसा. तेच्या आदी तुझी तार काय म्हणता तां बघूया."

घरी पोचल्यावर मी डबा आईच्या हातात दिला, फ्रीजमध्ये ठेव म्हटलं आणि बाबांबरोबर तळ्यावर गेले. कोळंबी दिसायला ठीक होती. जाळीतलं खाद्य संपलं होतं, कवचावर ठिपका नव्हता. तरी बाबा दोनतीनदा जाळी उचलून बघत राहिले. आम्ही नमुन्याची काही सुंगटां घेऊन परत आलो, तर खळ्यापासूनच वाटपाचा वास येत होता.

"आये, डब्यातली कोळंबी खंय आसा?"

"कढयेत," आई म्हणाली. "बरफ पाणी झालेलो. ठेवलंय असतंय तर खराब झाली असती."

"ती खायची नव्हती गो!"

आईने पळी खाली ठेवली. "मगे सुंगटां कित्याक हाडतत? पुजूक?"

मी तिला समजावून सांगायला लागले. रोग नसलेली कोळंबी आधी तारेला दाखवायची, ती रेघ बघून ठेवायची, मग आपल्या तळ्यातली दाखवायची आणि फरक बघायचा. तुलनेला काही नसलं तर वाकलेली रेघ रोगाने वाकली की कोळंबीच्या रसानेच, हे कसं कळणार? आई ऐकत होती, पण तिचा चेहरा सांगत होता की पुण्याहून येणारी मुलगी डबाभर बर्फातली सुंगटां आणते, यात न कळण्यासारखं काय आहे.

बाबा पाटावर बसले होते. त्यांचे खांदे हलायला लागले. "नीरोगी होती मां ती?"

"तपासलेली होती, बाबा."

"मगे बरां. आज पयल्यांदा सुंगटां दाखलो बघून खातंव. जेव."

जेवले. काय करणार? सुंगटांची कढी चांगली झाली होती, हे लिहायला हवं.

माझ्याकडे तुलनेला आता एकच गोष्ट उरली होती. एका पट्टीवर आम्ही बऱ्याच तारा करतो आणि त्यांतल्या काही मुद्दाम बिनलेपाच्या ठेवतो. त्यांच्यावर आमिष नसतं, म्हणून त्यांना विषाणू लागत नाही. कोळंबीच्या रसाने रेघ वाकत असेल, तर ती बिनलेपाच्या तारांचीही वाकायला हवी. निरोगी कोळंबीइतकं हे पक्कं नव्हतं, पण अगदी काहीच नव्हतं असंही नाही.

दुपारी पडवीत सामान मांडलं. यंत्र लावल्याबरोबर रेघ थरथरायला लागली. घरातल्या विजेचा तो थरकाप असतो; पुण्यातही आम्ही त्याच्याशी भांडतो. फ्रीज बंद केला, तरी थरथर. इतक्यात शेजारचे काका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे चुलतभाऊ, त्यांची मासेमारीची होडी आहे. ते म्हणाले, "होडयेची बॅटरी हाडू काय? तिचो करंट शांत आसता." ती आणली. ती जोडेपर्यंत गावाचीच वीज गेली, रोजच्यासारखी. सगळे पंप, सगळे टीव्ही, सगळे फ्रीज एकदम बंद झाले, आणि पडद्यावरची रेघ सुतासारखी सरळ झाली. इतकी सरळ रेघ मी पुण्यात कधी पाहिली नव्हती.

मी सुंगटाच्या पोटाखालचे वल्ह्यांसारखे पाय कापून घेतले, वाटले, गाळले, शुद्ध पाण्यात पातळ केले. थेंब पट्टीवर सोडला. बाबा माझ्या मागे उभे होते. काका खांबाला टेकून विडी न पेटवता तोंडात धरून होते, कारण मी धूर नको म्हटलं होतं.

बिनलेपाच्या तारांच्या रेघा सरळ गेल्या. लेप दिलेल्यांच्या थोडा वेळ सरळ गेल्या आणि मग वाकल्या. एकदम नाही. ओहोटी लागल्यावर काठावरची ओल जशी खाली सरकते, तशा. नवी पट्टी घेऊन दुसऱ्या सुंगटाचा नमुना लावला. तेच झालं.

"काय म्हणता तुझी तार?" बाबांनी विचारलं.

"आसा म्हणता."

"आणि तू काय म्हणतंस?"

असं काही सांगायची वेळ आली की माझ्या तोंडी आपोआप पुस्तकातली मराठी येते. मी म्हटलं, "बाबा, तुलनेची कोळंबी नव्हती. तार इथे पहिल्यांदाच लावली. तिची चूकही होऊ शकते. मी नमुना स्पिरिटमध्ये घालून पुण्याला नेते, दुसऱ्या पद्धतीने तपासते. तोवर नक्की म्हणता येणार नाही."

"तां केवा कळतलां?"

"आठवडा तरी लागेल."

"आणि तळां?"

बाबा तळ्याच्या दिशेने बघत होते. मग त्यांनी वळचणीला टांगलेला पाग काढला, म्हणजे फेकायचं जाळं, आणि खांद्यावर टाकला. "पण, परंतु, सगळां मागसून. उजेड आसा थंयसर सुंगटां काढूक सुरवात करूया."

काकांची विडी तोंडातून पडली. "रे दादा, खुळावलंस काय? ठिपको असलेलां एक तरी सुंगट दाखय माका! खातत, उडयो मारतत, आणि तू तेंका टेम्पोत घालूक निघालंस. कित्याक? तर चेडवाच्या डब्यात रेघ वाकडी झाली!"

"वाकडी झाली ती तुझ्याच बॅटरीर," बाबा म्हणाले.

"शिरा पडली त्या बॅटरीर! तसां आसा तर देवाक कौल लाव."

"गाव सोडूचो काय, तां देवाक विचारलां. आता सुंगटांचां पण त्येकाच विचारू? फुडले तीन दिस तो गावात एकटो रवतलो. वायच सुट्टी दी रे त्येका."

काका पुटपुटत गेले आणि थोड्या वेळाने स्वतःचा पाग घेऊन तळ्यावर आले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच सगळ्यांत जास्त फेकी टाकल्या, आणि प्रत्येक फेकीला पाग वर आला की मला ओरडून विचारत, "ह्यो बघ गो बाय, ह्यो आजारी दिसता? ह्येका ताप आसा?" मला हसायला येत होतं आणि मी एकेक सुंगट उजेडासमोर धरून बघतही होते. कोळंबी खरंच तजेलदार दिसत होती. बर्फात पडेपर्यंत उडत होती. बाबा मात्र एका लयीत पाग फेकत होते, ओढत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही शंकेने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं, असंही त्या वेळी वाटलं.

मालवणच्या व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन माल घेऊन गेला. लहान मापाचा म्हणून भाव उतरला, पण माल ताजा होता, अडला नाही. पाणी खाडीत सोडायचं नाही, असं बाबांचं आधीपासूनचं म्हणणं. खाली आणखी दोघांची तळी होती. बाबांनी दाराच्या फटी चिखलाने लिंपल्या, पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली आणि तळं बंद केलं. नमुने मी स्पिरिटच्या बाटल्यांत भरले. त्या बाटल्या आईने स्वतः माझ्या पिशवीच्या तळाशी ठेवल्या आणि वर बजावलं, "ह्यां कोण खावचां नाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी गाव निघाला. पुढे गुरं, मागे डोक्यावर टोपं आणि वळकट्या. काकांच्या कुत्र्याला जायचं नव्हतं, त्याला उचलून न्यावं लागलं. शिवेपलीकडे, कापणी झालेल्या मळ्यात काजूंच्या कडेने झोपड्या उभ्या होत्या. आमच्या वाट्याला एक चांगली सावली आली. आईने तीन दगड मांडून चूल केली आणि टेम्पोत न घातलेली सुंगटां कालवणात टाकली. आजूबाजूच्या चार झोपड्यांत ते कालवण गेलं.

संध्याकाळी गजाली रंगल्या. गाव का सोडायचा, याच्या जितक्या झोपड्या तितक्या गोष्टी. कुणी म्हणे राखणदार देवचाराला गाव मोकळा हवा असतो, कुणी म्हणे पूर्वी साथ आली होती तेव्हापासून. काका म्हणाले, "खरां सांगू? बायकांका रांदपातसून वायच सुट्टी मिळूक होयी म्हणान."

"सुट्टी?" आई चुलीकडून म्हणाली. "चूल हडे इली आणि मी पण इलंय. सुट्टी तुमका!"

मी शिवेजवळच्या शेताच्या मेरेवर जाऊन बसले. तिथून गाव दिसत होता. एकही दिवा नाही, धूर नाही, कुणाचा रेडिओ नाही. एरवी आमच्या घरापासून जेमतेम ऐकू येणारी खाडी इतक्या लांबून ऐकू येत होती. मला पडद्यावरची ती सरळ रेघ आठवली, वीज गेल्याबरोबर आलेली. विषाणूचंही आठवलं. त्याला राहायला जिवंत घर लागतं. नुसत्या पाण्यात, कोळंबीशिवाय, तो काही दिवसांत निकामी होतो. ज्यांनी ही रीत घातली त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, आणि मी ते त्यांच्या माथी मारणार नाही. पण आमचं तळं आणि आमचा गाव एकाच वेळी रिकामे होते, आणि मला त्या रिकामेपणाची भीती वाटत नव्हती.

बाबा येऊन शेजारी बसले. मी म्हटलं, "बाबा, माझी चूक असेल तर?"

"तर सुंगटां ल्हान असताना इकली. दुसरां काय?"

"काका वर्षभर बोलतील."

"तो असोय बोलता." मग गावाकडे बघत म्हणाले, "त्या पयल्या पिकाक माका सांगणारां कोण नव्हतां. ह्या येळाक होतां. बरोबर काय चूक, तां मागसून. सांगणारां होतां."

चौथ्या दिवशी देवाने परत यायचा कौल दिला. आम्ही घरी आलो तेव्हा खळ्यात काजूची पानं पडली होती आणि चुलीत मांजराच्या पावलांचा ठसा नव्हता. तळं तसंच होतं, निवांत. बांधावर एक खंड्या बसला होता.

पुण्याला जाऊन मी नमुने तपासायला दिले. ही तपासणी वेगळी असते. विषाणूची जनुकीय खूण वाढवून बघतात, ती सहसा फसत नाही. निकाल आला तेव्हा मी तो उभ्यानेच वाचला. रोग होता. थोडा होता, नुकता शिरलेला, डोळ्यांना दिसण्याच्या बराच आधीचा. मी बाईंना सांगितलं, मग जिन्याखालच्या फोनवरून घरी फोन केला. बाबांनी उचलला.

"बाबा, होता. रोग होता. तार बरोबर होती."

"बरां झालां," ते म्हणाले. मला वाटलं होतं ते आणखी काही बोलतील. मला स्वतःला रडू येत होतं. मग म्हणाले, "बाय, आयक. फुडल्या येळाक ती नीरोगी सुंगटां हाडशीत तेवां दोन डबे हाड. एक तारेक, एक तुझ्या आवशीक."

त्यानंतर तळ्यात घालायचं पिल्लू आणलं की आधी तारेला दाखवायचं, असा आमच्या घरचा नेम झाला. मी दोन डबे न्यायची. काही पिकं चांगली आली, काही बेताची. बगळे मात्र पुन्हा तसे बसले नाहीत. काका ज्याला त्याला सांगत, "आमच्या बॅटरयेर रोग कळता." यंत्र प्रयोगशाळेतून बाजारात कधी गेलं नाही. लेप काही आठवड्यांत शिळा होतो, मिठाचा त्रास अजून पुरता सुटलेला नाही. आम्ही तिघंचौघं अजून त्यावर काम करतो. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर, थंडी पडायला लागली तेव्हा, बाबा सकाळी बांधावरून आले, पडवीत बसले आणि गेले. मी पुण्याहून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कुडाळचे डॉक्टर घरी भेटायला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, "हे आधी कळलं नसतं का?" वाक्य तोंडून गेल्यावर मला कळलं, ते कुणाचं आहे. डॉक्टर भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "कधी कळतं. कधी नाही कळत." मी मान डोलावली. माझ्या कामातलं उत्तरही याहून वेगळं नाही. बाबांना त्यांच्या प्रश्नाचं एका तळ्यापुरतं उत्तर मिळालं होतं आणि ते त्यांनी हसत घेतलं होतं, एवढं मला पुरतं. काही दिवशी पुरत नाही. तेव्हा मी लिहायला बसत नाही.

वर्षभर तळं तसंच ठेवलं. मागच्या महिन्यात आईनेच विषय काढला. "खाजण मोकळां बरां दिसना नाय. तुझ्या काकांक सांगितलंय, ते बघतले. पिल्लू हाडूया." काकांनी दाराच्या फळ्या नव्या बसवायला घेतल्या आहेत आणि बॅटरी चार्ज करून ठेवली आहे. पिल्लू पुढच्या आठवड्यात येईल.

परवा मी पुण्याला जाऊन परत आले. थर्माकोलच्या पेटीतून दोन्ही डबे काढून आईसमोर ठेवले. तिने ते दोन्ही हातांत घेतले.

"ह्यातलो बघूचो खयचो आणि खावचो खयचो?"

"दोन्ही सारखेच, आये. तुका होयो तो घे."

तिने ते थोडा वेळ तोलले. मग हलका डबा घेऊन ती चुलीकडे गेली आणि जाता जाता जड डबा माझ्याकडे सरकवला.

"तुका रवांदे," ती म्हणाली. "तळां मोठां आसा."